बर्फाची मुकी वीट

एक बहीण दुधाची, दुसरी त्याच रंगाची
एक जिवाची राखणदार, दुसरी नुसतीच सोंगाची

ओळखा पाहू, कोणती कोण? उजेडात धरून बघा. नाकाशी नेऊन हुंगा. हलवून बघा… थांबा, थांबा, हलवायचं इतक्यात नाही. ते नंतर. आधी नुसत्या डोळ्यांनी सांगा. नाही येत सांगता? मग वाईट वाटून घेऊ नका. खैरमाळातल्या भल्याभल्यांनाही ते सांगता आलं नव्हतं.

खैरमाळ हे सागाच्या रानाला टेकलेलं, चंद्रपूरकडचं एक गाव. गोष्ट आहे अजून थोड्या वर्षांनंतरची. तोवर तिथल्या प्रत्येक छपरावर ऊन पिणाऱ्या काळ्या पाट्या बसलेल्या असतील आणि रानावरून औषधांचे डबे घेऊन ड्रोन येत-जात असतील. पण ऊन मात्र तेच असेल. चैत सरताना तिथे दगडालाही तहान लागते.

गावाच्या मधोमध कुमुदआत्याचं औषधांचं दुकान होतं. कुमुदआत्या म्हणजे दहा वर्षांच्या केतकी टेंभुर्णेची सख्खी आत्या. पण सगळ्या गावची पोरं तिला आत्याच म्हणायची. ती औषधनिर्माती होती (औषधं पारखून, जपून आणि तपासून देणारी तज्ज्ञ). लसही तीच टोचायची.

तिच्या हाताखाली एक यंत्रमानव होता. माठाच्या तिवईएवढा उंच, गोल पोटाचा, कपाळावर दिवा असलेला. त्याचं कागदावरचं नाव काहीतरी लांबलचक होतं. केतकीनं त्याला पडताळ्या म्हणायला सुरुवात केली आणि तो त्याच नावाला ओ देऊ लागला. औषध आलं की पडताळ्या त्याचं नाव वाचायचा, तारीख वाचायचा, वाटेत ते किती तापलं ते बघायचा. सगळं ठीक असलं की कपाळावरचा दिवा हिरवा. गावाचा त्या हिरव्या दिव्यावर देवळातल्या समईइतका विश्वास.

दुकानात आणखी एक रीत होती. बाहेरच्या माणसाला ती गमतीची वाटायची. दुकानात कुणीही "थांबा" म्हटलं, की ज्याच्या हातात औषध असेल त्यानं हात जागच्या जागी थांबवायचा. कारण मागाहून विचारायचं. हात आधी थांबवायचा. म्हणणारा डॉक्टर असो की गोळ्या घ्यायला आलेलं शेंबडं पोर असो.

"आत्या, पण एखादा उगाचच म्हणाला तर?" केतकीनं एकदा विचारलं होतं.

"तर काय होईल? माझा हात घडीभर अवघडेल. हात अवघडला तर चोळता येतो बाई. चुकीचं औषध पोटात गेलं तर पोट चोळून बाहेर येतं का?"

*

त्या सकाळी दुकानापुढे मांडव पडला होता. पलीकडच्या सावरटोल्यात एका मुलीला घटसर्प झाला होता. घटसर्प म्हणजे घशात पांढुरका पडदा धरून श्वासाची वाट अडवणारा रोग. ती मुलगी मोठ्या दवाखान्यात होती. म्हणून खैरमाळातल्या शाळेच्या सगळ्या मुलांना लस द्यायचं ठरलं. ड्रोननं पहाटेच डबा आणून ठेवला होता. पडताळ्यानं तो तपासला होता. दिवा हिरवागार होता.

गावसमितीचे अध्यक्ष वामनराव डोंगरवार ध्वनिवर्धकावर बोलत होते. त्यांचं बोलणं सुरू झालं की कावळेसुद्धा झाड बदलतात, असं गावात म्हणत.

"आपलं खैरमाळ तालुक्यात पहिलं! एकही पोरगं सुटणार नाही! आणि मान कोणाचा? आपल्या हर्षूचा!"

हर्षू हा केतकीचा धाकटा भाऊ. आदल्या दिवशी "मी बिलकूल रडत नसतो" अशी बढाई मारल्यामुळे त्याला रांगेत पहिलं उभं केलं होतं. आता त्याचे डोळे बशीएवढे झाले होते.

आत्यानं कुप्या त्यांच्या खाचांच्या तबकासकट शीतपेटीत ठेवल्या होत्या. केतकीकडे काम होतं रिकाम्या डब्यातल्या बर्फाच्या विटा सरबताच्या पिंपात टाकायचं. या विटा म्हणजे प्लास्टिकच्या चपट्या डब्या, आत पाणी गोठवलेलं. तिनं एक वीट उचलली आणि सवयीनं कानाशी धरून हलवली.

वीट मुकी होती.

दुसरी हलवली. तीही मुकी. विटेच्या अंगावर हिमाची पांढरी भुकटी तशीच जमलेली, आणि ती हाताला चिकटत होती. चिमटा बसावा तशी.

केतकी विटेकडे बघत राहिली. आत्या बाहेरगावी औषध पाठवायची तेव्हा विटा गोठणपेटीतून काढून आधी फळीवर मांडून ठेवायची. मग हातातलं काम करता करता गुणगुणायची:

बर्फाच्या विटेबाई, तुला फुटू दे गं घाम
पोटी वाजू दे पाणी, मग निघ तू गावाला

घाम फुटला, हलवल्यावर आत पाणी डुबुक वाजलं, की मगच वीट डब्यात जायची. आणि ही वीट? रात्रीपासून डब्यात, पहाटे ड्रोनमध्ये, आता ऊन चढलेलं, तरी दगड! मग डब्यात ठेवताना ती केवढी गार असेल?

केतकीनं मान वर केली. आत्याची सुई हर्षूच्या दंडापासून बोटभर अंतरावर होती.

"थांबा!"

आत्याचा हात जागीच थांबला. सुई दंडापासून बोटभर दूर, तशीच.

ध्वनिवर्धक कुरकुरला. "अगं पोट्टे, कार्यक्रम सुरू हाय ना! कायचं थांबा?" वामनराव म्हणाले.

"आत्या, वीट बोलत नाहीये," केतकी म्हणाली.

मांडवभर हशा पिकला. "वीट बोलत नसते बाप्पा! आता उद्या भिंत पोवाडा गाईन!" मागून कुणीतरी ओरडलं.

आत्या हसली नाही. तिनं सुई झाकली, बाजूला ठेवली, केतकीच्या हातून वीट घेतली आणि कानाशी हलवली. मग दुसरी. तिचा चेहरा हळूहळू बदलत गेला.

"पडताळ्या, डबा वाटेत सगळ्यात जास्त किती तापला?"

"सहा अंश," पडताळ्या म्हणाला. "वरची मर्यादा आठ अंश. म्हणून हिरवा."

केतकी मध्येच म्हणाली, "आणि सगळ्यात जास्त गार किती झाला?"

"कडेला उणे पाच अंश."

"उणे! म्हणजे पाणी गोठतं त्याच्याही खाली? मग सांगितलं का नाहीस?"

पडताळ्याचा दिवा लुकलुकला. "खालची मर्यादा मला कुणी शिकवलेली नाही. मला एवढंच विचारतात: तापलं का?"

आणि ते खरं होतं. उन्हानं होरपळणाऱ्या त्या मुलखात सगळ्यांना एकच भीती, औषध तापेल. यंत्रं बसवली तेव्हा ड्रोनतळावरच्या बैठकीत कुणीतरी म्हणालंही होतं, "आपल्याकडं गोठण्याची कसली काळजी जी! इथं माणूस उकडून राहिला!" सगळे हसले होते आणि खालच्या मर्यादेचा रकाना रिकामाच राहिला होता.

ड्रोनतळावर डबे भरणारे दौलतमामा मांडवातच होते. ते पुढे आले. "ताई, मीच भरला डबा. पोरांची लस, आणि हे असलं ऊन! म्हणून मुद्दाम दोन विटा जास्तीच्या टाकल्या. सरळ गोठणपेटीतून काढून, कडक कडक. म्हटलं, जितकं गार तितकं बरं." बोलता बोलता त्यांचा आवाज बारीक झाला. "चुकलं काय माझं?"

"मायेनं केलंत, दौलतदादा," आत्या म्हणाली. "पण लसीला मायासुद्धा मापातच सोसते. दोन अंशांच्या खाली नाही, आठच्या वर नाही."

तिनं कुप्यांचं तबक जसंच्या तसं डब्यात ठेवलं, डबा उचलला आणि दुकानातल्या लाल कपाटात नेऊन ठेवला. त्या कपाटाला थांबकप्पा म्हणत (शंका आलेलं औषध खरं-खोटं होईपर्यंत वेगळं ठेवायची जागा). कुलूप लावलं. किल्ली गळ्यातल्या काळ्या दोऱ्याला अडकवली. जोडकिल्ली पडताळ्याकडे असायची.

मांडवातला हशा आता पार विरला होता.

*

वामनराव दुकानात शिरले. ध्वनिवर्धक बाहेर राहिला होता, तरी आवाज तेवढाच होता.

"कुमुदताई, हे बरं नाही हं. सावरटोल्यातली पोरगी श्वासाला तडफडून राहिली आणि तुम्ही लस कुलपात टाकता? त्या कुप्या बघा ना! तशाच तर आहेत, पांढऱ्याफेक. फुटल्या नाहीत, नासल्या नाहीत. उद्या आपल्या एखाद्या पोराला काही झालं तर जबाबदार कोण?"

"मी," आत्या म्हणाली. "म्हणूनच कुलूप."

"अहो, थोडी बिघडली असली तरी काही नसल्यापेक्षा बरी!"

आत्यानं गळ्यातली किल्ली मुठीत धरली. केतकीनं वामनरावांकडे बघितलं. वामनकाका वाईट माणूस नव्हते. त्यांची स्वतःची नात रांगेत उभी होती. आणि त्यांचं म्हणणं खरं वाटण्याजोगं होतं.

पण केतकीला हर्षू दिसत होता. तो दंड चोळत उभा होता, न टोचलेला दंड. तिच्या तोंडून शब्द निघाले, "काका, तुमच्या घराला कुलूप नाही हे तुम्हाला ठाऊक असलं, तर तुम्ही काय कराल?"

"जागा राहीन. आणखी काय?"

"आणि कुलूप लागलंय असं वाटलं, पण लागलेलंच नसलं तर?"

वामनरावांचा हात नकळत कमरेच्या किल्लीकडे गेला.

"तर तुम्ही झोपून जाल," केतकी म्हणाली. "आम्हीही तसंच करू. लस झाली म्हणून सावरटोल्यात जाऊ, एका पेल्यातून पाणी पिऊ. हर्षू तर कुणाचंही उष्टं खातो. लस नाही हे माहीत असेल तर निदान सांभाळून तरी राहू."

"लहान तोंडी मोठा घास," वामनराव पुटपुटले. मग पडताळ्याकडे वळले. "तू सांग रे. दिवा हिरवा केला होता ना तूच? उघड कपाट. समितीचा हुकूम आहे."

पडताळ्याच्या पोटात घरघर झाली. "मला आता खालची मर्यादा कळली आहे. शंका असताना मी उघडत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे नाही."

पडताळ्यानं माणसाला म्हटलेलं ते पहिलं 'नाही'. त्याच्या कपाळावरचा दिवा लाल झाला, आणि केतकीला वाटलं, लाल रंग त्याला शोभतो.

वामनरावांचा चेहराही लाल झाला. "एका पोट्टीनं वीट हलवली आणि यंत्रानं मान हलवली! बाहेर अख्खं गाव उभं आहे. त्यांना काय सांगू?"

"सांगू नका. दाखवू या," आत्या म्हणाली. "मेज बाहेर आणा. जे करायचं ते सगळ्यांच्या डोळ्यांदेखत."

*

मांडवात पांढऱ्या कापडाचं मेज मांडलं. आत्यानं डब्यातून तीन कुप्या निवडल्या. तिन्ही एकाच खेपेच्या, म्हणजे कारखान्यात एकाच वेळी, एकाच मिश्रणातून भरलेल्या. एक कुपी डब्याच्या कडेची, विटेला खेटून बसलेली. एक अगदी मधली. तिसरी तिनं सगळ्यांसमोर झटपट गोठवणाऱ्या पेटीत ठेवली, दगड होईपर्यंत गोठवली आणि मग वितळू दिली.

"चांगली कुपी मुद्दाम बिघडवली?" गर्दीतून आवाज आला.

"ही तुलनाकुपी आहे," आत्या म्हणाली (जिचं काय झालंय ते आपल्याला पक्कं ठाऊक असतं, अशी कुपी). "संशयिताला ओळखायचं तर शेजारी ओळखीचा माणूस उभा करावा लागतो. ही गोठली होती हे तुम्ही डोळ्यांनी बघितलं. आता बाकीच्या दोघी हिच्यासारख्या वागतात की नाही, ते बघायचं."

तिघींवर तिनं खुणेचे रंगीत दोरे बांधले. वितळलेली कुपी निळ्या दोऱ्याची, कडेची पिवळ्या, मधली पांढऱ्या. तिन्ही सारख्याच दुधाळ. मग तिन्ही एका मुठीत धरून तिनं जोरानं हलवल्या आणि मेजावर ओळीनं ठेवल्या.

"आता?"

"आता वाट बघायची."

वाट बघणं हे त्या गावाला कधी जमलं नव्हतं. पण त्या दिवशी मांडव मेजाभोवती गोळा झाला आणि हलेना. आत्या बोलू लागली, हळू, दळता दळता बोलावं तशी.

"ही लस साखरेच्या पाण्यासारखी विरघळलेली नसते. हिच्यात फार बारीक कण तरंगत असतात. याला निलंबन म्हणतात (न विरघळता द्रवात तरंगणारे कण). त्या कणांना लसीचे तुकडे बिलगून बसलेले असतात, आईच्या अंगाला लेकरू बिलगावं तसे. ते दंडातून आत गेले की शरीरातले पहारेकरी त्यांना बघतात, त्यांचा चेहरा ध्यानात ठेवतात. पुढं खरा घटसर्प आला की म्हणतात, 'अरे, हा तर ओळखीचा चोर!' आणि त्याला धरतात."

"मग गोठल्यानं काय होतं?" हर्षूनं विचारलं. दंडावरचा हात त्यानं अजून काढला नव्हता.

"पाण्याचा बर्फ होताना पाणी रांगा धरतं. घट्ट रांगा. त्या रांगेत परक्याला जागा नाही. मग बर्फ त्या कणांना ढकलतो, कोपऱ्यात दाबतो. कण एकमेकांना चिकटतात, त्यांच्या गुठळ्या होतात. बिलगलेले तुकडे चेंगरतात, त्यांचा चेहरा बिघडतो. पुढं बर्फ वितळला की पाण्याचं परत पाणी होतं. पण गुठळीचा पुन्हा कण होत नाही."

"आंबिलीत गुठळी झाली की कितीही ढवळा, तशीच," गर्दीतल्या एक बाई म्हणाल्या.

"आणि ती गुठळी कुठं जाते?" आत्यानं विचारलं.

"तळाला!" पोरं ओरडली.

"मग बघा तळाला."

सगळी डोकी एकदम खाली झुकली, इतकी की वामनरावांचं डोकं दौलतमामांच्या डोक्यावर आपटलं.

निळ्या दोऱ्याच्या कुपीत बर्फासारखे कापूसकण भुरभुर खाली उतरत होते. वरचं पाणी निवळू लागलं होतं. पांढऱ्या दोऱ्याची कुपी अजून तशीच दुधाळ होती, संथ, भरलेली. आणि पिवळ्या दोऱ्याची, जी थोड्या वेळापूर्वी हर्षूच्या दंडात जाऊ शकली असती? तिच्या तळाशी पांढरा थर बसत होता. वरचं पाणी पारदर्शक होत होत इतकं स्वच्छ झालं, की पलीकडची केतकीची बोटं तिच्यातून दिसू लागली.

वामनरावांनी ती कुपी उचलली, उन्हात धरली आणि बराच वेळ तिच्याकडे बघत राहिले. त्यांची नात त्यांच्या धोतराला धरून उभी होती.

"हे माझ्या नातीच्या अंगात घालायला निघालो होतो मी," ते म्हणाले. त्यांचा आवाज इतका हळू गावानं पहिल्यांदाच ऐकला होता.

मग एकदम मान वर करून ते म्हणाले, "पण मधली चांगली आहे ना? मधल्या तेवढ्या टोचा!"

"नाही," आत्या म्हणाली.

"नाही," पडताळ्या म्हणाला.

"नाही काका," केतकी म्हणाली. "ज्या डब्यात एक गोठली, त्या डब्यातल्या कुणाचीच हमी नाही."

दौलतमामा तोवर गाडीला किक मारून बसले होते. "मी तळावर जातो. नवा डबा मी भरतो. विटांना घाम फुटल्याबगर एकही आत जाऊ देणार नाही. आणि त्या यंत्रात खालचा रकाना भरल्याबगर ड्रोनही उडू देत नाही. मालक म्हणो की मालकाचा बाप म्हणो!"

तोवर काय करायचं ते आत्यानं गावाला सांगितलं. सावरटोल्याकडे जाणं-येणं बंद, तोंडाला पट्टी, उष्टा पेला नको, घसा दुखला तर त्याच घडीला दवाखाना. वामनरावांनी हे सगळं ध्वनिवर्धकावरून इतक्या वेळा सांगितलं की शेवटी पोरं ते चालीवर म्हणू लागली.

*

दुसऱ्या दिवशी रानावरून ड्रोन आला. पडताळ्यानं डबा तपासला.

"वर सहा, खाली तीन. दोन्ही मर्यादांच्या आत. हिरवा." मग तो केतकीकडे वळला. "तरी तू आणखी काही विचार. मला न शिकवलेलं असं."

केतकीनं डोकं खाजवलं. "डबा वाटेत किती हादरला?"

"माहीत नाही," पडताळ्या म्हणाला, आणि हे सांगताना त्याला कमीपणा वाटल्याचं मुळीच दिसलं नाही. "मोजायचं शिकून घेतो."

"ही लस हादऱ्याला भीत नाही," आत्या म्हणाली. "पण उद्या एखादं औषध भिणारं येईल. शीक तू." विटा कानाशी धरून तिनं वाजवल्या. डुबुक. मग बाही दुमडून ती बसली.

रांग आज दुप्पट हळू चालली. कारण आज एकही पोर मुकाट्यानं दंड पुढे करेना. डबा किती गार होता? सुई नवी आहे का? तारीख कधीची? दंड सुजेल का, सुजला तर किती? वामनरावांच्या नातीनं तर कुपी हातात घेऊन तळ बघितला. आत्या एकेकाला उत्तर देत होती. ऊन माथ्यावर आलं, मांडवाची सावली सरकली, मागच्या रांगेतले बाप्ये चुळबुळू लागले.

"अहो ताई, असं तर दिवस बुडेल!" एक जण म्हणाला.

"बुडू द्या," वामनराव त्याच्यावरच खेकसले. "विचारू द्या लेकरांना."

इतक्यात हर्षूची पाळी आली. त्याचे डोळे पुन्हा बशीएवढे झाले होते. रडू अगदी काठावर आलं होतं. पण त्यानं दोन्ही हात छातीशी घट्ट बांधले, पाय रोवले आणि आत्याच्या डोळ्यांत बघून म्हणाला,

"आधी सांग, मग टोच."